समोरच्या बाईंचा पाट

मुंबईहून पाहुणे आले की गाडीतून उतरतात, कमरेवर हात ठेवतात, मान वर करून आंब्याकडे बघतात आणि म्हणतात, "अहाहा! काय शांत आहे हो तुमच्याकडे!" मला तिथल्या तिथे त्यांच्या हातात झाडू द्यावासा वाटतो. झाडा म्हणावं ही पानं सकाळ-संध्याकाळ, मग बघू किती शांत वाटतं ते.

पेणमधली आमची ही गल्ली जुनी. अकरा घरं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिक्षक, एसटीतले लोक, बँकेतले कारकून अशांनी मिळून सोसायटी केली, प्लॉट पाडले, बैठी घरं बांधली. पुढे स्लॅब गळायला लागले तसे प्रत्येकाने वर पत्रे चढवले. प्रत्येकाच्या कंपाउंडात एक आंबा, एक चिकू, एक जास्वंद आणि एक बंद पडलेली स्कूटर. मुलं पुण्याला, ठाण्याला, एक-दोन तर पार परदेशात. मागे राहिले ते सगळे सत्तरीच्या पुढचे. या गल्लीत मी चोपन्नाव्या वर्षी तरुण आहे. आणि तरुण असणं म्हणजे काय, तर सगळ्यांची कामं करणं. कोणाचं लाइट बिल फोनवरून भर, कोणाच्या गोळ्या आण, कोणाच्या टीव्हीचा रिमोट चालत नाही तो चालू करून दे. रिमोट चालत नाही कारण आत सेल उलटे घातलेले असतात. दर वेळी. "तुझ्याकडे गाडी आहे ना," असं म्हणतात. गाडी म्हणजे माझी स्कूटी. ती माझी नाही, सोसायटीची आहे असंच सगळे धरून चालतात.

शांततेचं म्हणाल तर आमच्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही हे खरं. मी सोडून. बाकीचे सगळे मुकाट्याने छळतात. शेजारचे सेक्रेटरीकाका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांना माझ्या आंब्याची पानं त्यांच्या अंगणात पडलेली खपत नाहीत. पण येऊन सांगतील? छे! पानं गोळा करणार, छान ढीग करणार आणि तो ढीग बरोबर माझ्या फाटकासमोर रचून ठेवणार. वर गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर खडूने लिहिणार, "काही सभासद स्वच्छतेबाबत उदासीन आहेत." अकरा घरांत त्यांच्या भिंतीला लागून आंबा असलेली मी एकटी, मग ते काही सभासद कोण? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र रोज सकाळी साडेपाचला मला गुलाबाचं फूल पाठवतात. असा राग येतो की काय सांगू! नवऱ्याला सांगावं तर तो डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करून आलेला असतो, तोंडात घास असतो, आणि त्याचं ठरलेलं उत्तर असतं: "सोड ना." लग्नाला एकतीस वर्षं झाली, माणसाने एवढंच सांगितलंय मला.

आणि समोर बाई.

बाई म्हणजे समोरच्या घरातल्या. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, अर्धं पेण त्यांच्या हाताखालून गेलं, माझा नवराही. त्यामुळे त्यांना काकू, आजी असं कोणी म्हणतच नाही, बाईच म्हणतात. वय आता एकोणऐंशी. नवरा, म्हणजे आमचे मास्तर, गेल्यापासून एकट्याच. सकाळी आंघोळ आटोपली की ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या, आणि त्यांची खुर्ची माझ्या दाराकडे तोंड करूनच असायची. मी रांगोळी काढली की, "ठिपका चुकला बघ डावीकडे." मी कपडे वाळत घातले की, "अगं झटकून घाल, झटकून." नवऱ्याची रात्रपाळी असली तर दिवसा त्याला झोपू दे म्हणून मला हळू बोलायला सांगायच्या. माझ्याच घरात! मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा तर कहर. माझं माहेर खारपट्टीतलं, बाप मिठागरावर काम करणारा, आमच्या तोंडात नाय आणि व्हय. पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे विरजण मागायला गेले तर बाई म्हणतात, "नाय नाही, नाही म्हणावं." मी म्हटलं, "बाई, मी विरजण मागायला आलेय, परीक्षेला नाय बसले." गल्लीत त्याची आठ दिवस चर्चा झाली. बाईंनी मला विरजण दिलं आणि वर गुळाचा खडा दिला.

असं आमचं एकतीस वर्षं चाललं. माझ्या मुलीचा पहिलीपासून दहावीपर्यंतचा अभ्यास त्या ओट्यावर झाला. सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा दुपारी मला दोन तास झोप मिळावी म्हणून बाई येऊन तिच्या उशाशी बसायच्या. तेव्हा त्या माझ्या डोक्याला ताप होत्या हे खरंच, पण त्या माझ्या होत्या. ओट्यावरची ती खुर्ची उचलली गेलेली मला चालणार नव्हती.

आणि ती उचलली जाणार अशी कुणकुण दोन वर्षं चालू होती. बाईंचा एकच मुलगा, रोह्याला कंपनीत, तिथेच फ्लॅट घेतलेला. तो आईला रोह्याला नेणार आणि हे घर बिल्डरला देणार, असं गल्लीत सगळे म्हणायचे. कोणी म्हणाल तर सगळे. विचारलं होतं कोणी? नाही. पण पूर्वी तेरा घरं होती, त्यातली टोकाची दोन अशीच गेली होती. आधी म्हातारा-म्हातारीला मुलाकडे नेलं, मग गणपती तिकडे बसवला, मग दाराला कुलूप, मग एक दिवस जेसीबी. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि तिच्यातली माणसं कोण आहेत हे आम्हाला ठाऊक नाही. म्हणून आमची एक खूण ठरून गेली होती: गणपती इथे बसतोय तोवर माणूस इथे आहे.

आता पाटाचं सांगते, कारण सगळा घोळ पाटावरून झाला. सगळ्या दुनियेला गणपती पेणहून जातात, पण आम्ही पेणची माणसं दुकानात जाऊन गणपती उचलून आणत नाही. आषाढात घरचा लाकडी पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. त्याला घराच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची. कारखानदार त्याच पाटावर आपला गणपती घडवतो, रंगवतो, आणि चतुर्थीला आपण त्या पाटासकट घरी आणतो. मूर्ती केवढी, पितांबर कुठल्या रंगाचं, काही सांगावं लागत नाही. वर्षानुवर्षं तेच.

गल्लीतल्या सहा घरांचे पाट मी नेते. अर्थात मीच. जवळच्या जोहे गावात माझ्या मावसबहिणीचा गणपतीचा कारखाना आहे, त्यामुळे सगळ्यांनी आपले पाट माझ्या गळ्यात मारले ते कायमचे. सहा पाट स्कूटीवर मावत नाहीत, तर दर वर्षी मिनीडोर रिक्षा करून जाते. जायच्या आदल्या दिवशी घरोघर फिरून पाट गोळा करायचे. त्यातही छळ. एक जण म्हणणार, "पाट माळ्यावर आहे, तूच चढ." दुसरीने त्या पाटावर वर्षभर कांदे ठेवलेले असणार. सेक्रेटरीकाका त्यांचा पाट वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, पोचपावती मागतात. पोचपावती! गणपतीच्या पाटाची!

गेल्या वर्षी मी गोळा करायला निघाले त्या दिवशी बाई घरी नव्हत्या. डोळे दाखवायला रोह्याला मुलाकडे गेल्या होत्या, चार-पाच दिवसांसाठी. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडेच असते. पाट देवघराच्या दारामागे जुन्या लुगड्यात बांधून उभा केलेला असतो, एकतीस वर्षं तिथेच. मी कुलूप काढलं, पाट उचलला, कुलूप लावलं. विचारायचं काय त्यात? दूध नासलं तर फेकू का, असं कोणी विचारतं का? दुसऱ्या दिवशी जोह्याला नेऊन दिला, चिठ्ठी चिकटवली, बहिणीच्या हातचा चहा प्यायले आणि परत आले.

पाच दिवसांनी बाई परतल्या. मुलगा सोडायला आला होता. मी आपली उत्साहाने फाटकापाशी गेले आणि म्हटलं, "बाई, तुमचा पाट पोचवला हां जोह्याला."

दोघंही जागच्या जागी थांबले. मुलगा म्हणाला, "वहिनी, पाट दिलात?"

"दिला म्हणजे? दर वर्षी देते."

"अहो, पण या वर्षी गणपती रोह्याला बसवायचाय. मी तिथे सांगून ठेवलाय."

मी विचारलं, "कोणी ठरवलं हे?"

त्याने आईकडे बघितलं. बाई पिशवीच्या चेनशी खटपट करत होत्या. मग तो म्हणाला, "ठरलं."

ते "ठरलं" माझ्या डोक्यात जे गेलं ते गेलं. पन्नाशीचा बाप्या, आईच्या तोंडाकडे बघून खोटं बोलतो आणि वर ठरलं म्हणतो! पेणचा माणूस रोह्यात मंडपातला गणपती विकत घेणार! आणि तो मंडपातला तरी कुठला, आपल्या पेणजवळच्या हमरापूरहून टेम्पोत भरून गेलेलाच ना? मी म्हटलं, "बाई, तुम्हाला चालणार आहे का हे?" बाई म्हणाल्या, "पाट दिलास? बरं." आणि भिंतीला हात लावत लावत आत गेल्या. मला त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. देवाशपथ दिसला. आता वाटतं, मला काय बघायचं होतं तेच मी बघत होते.

घरी येऊन मी बहिणीला फोन लावला. म्हटलं, पाट परत मिळेल का? ती म्हणाली, "आता कसा परत देनार गो? शाडू चढलाय त्यावर, सोंड झालीय, ओला हाय अजून. आनि पाट कारखान्यातना रिकामा घरी न्यायचा नसतो, ठाव नाय तुला?" ठाऊक होतं. माझी सासू सांगायची, पाट दिला म्हणजे देवाला बोलावणं गेलं, आता नको म्हणता येत नाही. हे कुठे लिहिलेलं आहे कोण जाणे. पण त्या दिवशी मला ते फार बरं वाटलं. मी फोन ठेवला आणि गल्लीत बाहेर पडले.

एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते झालं. आमची मुकी गल्ली बोलायला लागली! संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा घरांना कळलं. जे लोक चिकूच्या फांदीवरून सात वर्षं बोलत नव्हते ते एका बाकावर बसून बोलले. सगळ्यांचं एकमत: हे काही माणसाचं काम नाही, गणपतीलाच इथून जायचं नाही. माझी चूक होती, पण दोन दिवसांत ती चूक राहिलीच नाही. सेक्रेटरीकाकांनी फळ्यावर लिहिलं, "आपली परंपरा आपण जपली पाहिजे." आणि खाली, खडू संपत आला असताना, माझं नाव घालून आभार मानले. मी फळ्यासमोरून उगाचच दोनदा गेले.

नवरा मात्र म्हणाला, "त्यांच्या घरचं आहे, सोड ना."

"तुम्हाला बाईंनी शिकवलं, तुम्हाला काहीच वाटत नाही?" असं मी त्याच्यावर ओरडले. तो उठून हात धुवायला गेला.

चौथ्या दिवशी आम्ही सहा जण बाईंच्या ओट्यावर गेलो. सहा जण एकदम आलेले बघून बाई उठायला लागल्या तर आम्हीच म्हटलं, बसा बसा. सेक्रेटरीकाकांनी भाषण केलं. या घराला चाळीस वर्षांचा इतिहास आहे, मास्तरांनी स्वतःच्या हाताने हा आंबा लावला, वगैरे वगैरे. मग मी म्हटलं, "बाई, तुम्ही काही काळजी करू नका. तुम्हाला त्याच्याशी वाईटपणा घ्यायला नको. मी बोलते त्याच्याशी." बाईंनी तोंड उघडलं होतं, काहीतरी म्हणणार होत्या. पण मी पुढे बोलतच राहिले. मग त्यांनी सगळ्यांसाठी पन्हं करायला सांगितलं, ते मीच आत जाऊन केलं.

आणि मुलाला मीच फोन लावला. त्याला मी जे बोलले ते आता आठवलं की कानशिलं तापतात. म्हटलं, "आईला कोपऱ्यात टाकायचं असेल तर सरळ सांग. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती कोणाचं तोंड बघणार? इथे गल्ली आहे तिची. इथे तिला खोकला आला तर अकरा घरांना कळतं." तो सगळं ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "वहिनी, तसं नाहीये." मी म्हटलं, "मग कसं आहे ते सांग." तो गप्प. त्याचा तो गप्पपणा मला कबुलीजबाब वाटला. शेवटी म्हणाला, "बरं. पेणलाच बसवू."

मी जिंकले. त्या दिवशी मी काय खूश होते म्हणून सांगू! बिरड्याच्या वालाची उसळ केली आणि बाईंना डबा नेऊन दिला. म्हटलं, "झालं तुमचं काम." बाई म्हणाल्या, "तुझं फार चालतं हो सगळीकडे." मला ते कौतुक वाटलं.

चतुर्थीला गणपती आला. माझ्या बहिणीने नेहमीसारखाच केला होता, पिवळं पितांबर, डोळे जरा मिटल्यासारखे. मुलगा, सून, नातू रोह्याहून आले. मुलगा माझ्याशी नीट बोलत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, फुगू दे. रोज दोन्ही वेळच्या आरतीला गल्ली हजर. मोदक माझ्याकडून, पातोळे सेक्रेटरीकाकांकडून, गौरीच्या जेवणाला पाच प्रकारच्या भाज्या पाच घरांतून. सगळं कसं अगदी पूर्वीसारखं. फक्त बाई आरतीला खुर्चीवरच बसून राहायच्या. उठल्या की एक हात भिंतीला आणि एक नातवाच्या खांद्यावर. मी म्हटलं, "बाई, गुडघे दुखतायत का? तेल लावत जा." सून माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती, पण बाईंनी तिला नजरेने गप्प केलं. ती नजर मला चांगली ओळखीची. वर्गात चालायची ती नजर.

गौरीबरोबर गणपती गेले. भोगावती नदीवर विसर्जन झालं, सगळे परत आले, वाटली डाळ खाल्ली. मुलगा-सून दुसऱ्या दिवशी सकाळी निघून गेले. दुपारी मी त्यांच्याकडचं उरलेलं आवरायला गेले. समया घासून ठेवल्या, मखराचे कागद काढले, नारळ मोजून फ्रिजवर ठेवले. बाई पलंगावर बसून बघत होत्या, आणि नवल म्हणजे एक चूक काढली नाही. मी आपली बोलतेय, "पुढच्या वर्षी मखर जरा मोठं करू. आता काय, तुम्ही कुठे जात नाही म्हटल्यावर."

बाई म्हणाल्या, "इकडे ये. बस."

मी पदर खोचलेलीच बसले.

"मी रोह्याला जातेय. पुढच्या आठवड्यात."

मी उसळलेच. म्हटलं, "परत? त्याने परत हे काढलं का? थांबा, आता मी बघते त्याच्याकडे."

"त्याने नाही काढलं," बाई म्हणाल्या. "कधीच काढलं नव्हतं. मी काढलं. मीच त्याला म्हटलं, मला घेऊन जा. तो बिचारा नको म्हणत होता, तिथे तुझं मन रमणार नाही म्हणत होता. मीच हट्ट धरला. गणपतीही तिकडेच बसव म्हटलं, म्हणजे इथे कोणाला वेगळं सांगायला नको. तुम्हा लोकांना वाईट वाटेल म्हणून त्याला बजावलं होतं, माझं नाव सांगू नको."

मला राग आला, त्यांचा. म्हटलं, "आणि हे मला आज सांगताय? सगळी गल्ली उभी केली मी तुमच्यासाठी! त्याला नको नको ते बोलले!"

"कधी सांगणार? तू आलीस की तूच बोलतेस."

हे त्या रागाने नाही म्हणाल्या. एखाद्या मुलाला बे दुणे चार सांगावं तसं सांगितलं. मी विचारलं, "पण का बाई? काय कमी पडलं इथे?"

बाईंनी लुगडं जरा वर करून मला डावा घोटा दाखवला. सुजलेला, काळपट. म्हणाल्या, "जूनमध्ये न्हाणीघरात पडले. कामवाली येऊन गेली होती. फोन ओट्यावर खुर्चीवर राहिला. उठताच येईना. दोन-अडीच तास तशीच ओल्या फरशीवर पडून होते. शेवटी बादली पालथी घातली, तिच्यावर भार देऊन सरकत सरकत बाहेर आले. तेव्हापासून न्हाणीघरात जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. एकटीला. रोह्याला सून असते घरात."

मला ते दिवस आठवले. बाई तीन दिवस ओट्यावर आल्या नव्हत्या. सर्दी झाली म्हणाल्या होत्या. मी त्या तीन दिवसांत मजेत रांगोळ्या काढल्या होत्या, कोणी ठिपके मोजणारं नाही म्हणून. आणि चौथ्या दिवशी त्या परत दिसल्या तेव्हा मनात म्हटलंही होतं, आली बाई पुन्हा ड्यूटीवर.

"पण बाई," मी म्हटलं, "न्हाणीघराची खिडकी तर गल्लीकडे आहे. हाक तरी मारायचीत. मी समोरच होते. मी कुठे जाते?"

"मारली ना," बाई म्हणाल्या. "तुलाच मारली. तू फाटकात सिलिंडरवाल्याशी भांडत होतीस. मला एकूण एक शब्द ऐकू येत होता. मग म्हटलं, हिचं भांडण संपलं की पुन्हा मारू. भांडण संपलं आणि तू दार लावून घेतलंस."

सिलिंडरवाल्याचं भांडण मला चांगलं आठवत होतं. पावसात त्याचे पाय चिखलाचे झाले होते म्हणून तो सिलिंडर स्वयंपाकघरात आणून ठेवायला तयार नव्हता, फाटकातच टाकून जात होता. मी त्याला असा झाडला होता की शेवटी त्याने सिलिंडर आत आणला, वर फरशीही पुसली. ते भांडण मी पुढे चार दिवस गल्लीभर सांगत होते, त्याचा आवाज काढून, हातवारे करून. बाई पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या तेव्हा त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. हसल्याही होत्या.

मी बाईंचा घोटा हातात घेऊन बसले. मग विचारलं, "सामान बांधायला कधी येऊ?"

"सोमवारी ये," बाई म्हणाल्या. "आणि त्याला एक फोन कर. तो तुझ्याहून लहान आहे, पण तू कर."